चहा पिऊन आलं की गाडी चालू होत नाही

“मॅडम, फॉल्ट गाडीत नाही, चालवणारीत आहे.” असं म्हणून महेशनं किल्ली माझ्या टेबलावर टाकली. चालवणारी त्याची आई, सुमनआक्का, शेजारीच उभी होती. तिच्यासमोर बोलला. मला तिथंच राग आला.

निपाणीत हायवेला लागून आमचं सर्व्हिस सेंटर आहे. तिथं मी डायग्नोसिस बघते, म्हणजे गाडीला नेमकं काय झालंय ते शोधायचं. आक्का रिटायर्ड नर्स. दर गुरुवारी स्वतः गाडी चालवत कोल्हापूरला जातात. तिथं त्यांची धाकटी बहीण पॅरालिसिसनं अंथरुणाला खिळलीय. तिला न्हाऊ घालायचं, वेणी घालायची आणि परत यायचं. बहीण दुसऱ्या कुणाला अंगाला हात लावू देत नाही.

गाडी जुनी, पण सांभाळलेली. सकाळी गार असताना एका सेल्फला चालू. वाटेत मात्र हटून बसायची.

“कधी बंद पडते, आक्का?”

“बंद न्हाय पडत गं. कोगनोळीच्या अलीकडं चहाला थांबते. चहा पिऊन आलं की चालू होत न्हाय. मागच्या खेपेला तर ढकलायला चार माणसं बोलवावी लागली. लई लाज वाटली बघ.”

“रविवारी मी बेळगावहून येतो, दिवसभर चालवतो,” महेश म्हणाला. “एकदाही असं होत नाही. हिचं वय झालं आता. गिऱ्हाईक बघून ठेवलंय. तुम्ही फक्त सांगा गाडी ठीक आहे म्हणून, विकून टाकतो.”

आक्का पदर बोटाला गुंडाळत राहिल्या.

गरम इंजिनाची गोष्ट सोपी आहे. गार इंजिनाला चालू व्हायला पेट्रोल जास्त लागतं, गरम इंजिनाला कमी. गरम असताना जास्त गेलं की ते गुदमरतं. सेल्फ नुसता फिरत राहतो, इंजिन पकडत नाही. याला आम्ही फ्लड होणं म्हणतो. आता जास्तीचं पेट्रोल येतंय कुठून, एवढाच प्रश्न.

स्कॅनर लावला. बिघाडाचा एकही कोड नाही. पेट्रोलचं प्रेशर बरोबर. पेट्रोल फवारणारे इंजेक्टर गळत नव्हते. इंजिन किती तापलंय हे सांगणारा सेन्सरही खरं बोलत होता. गाडी हायवेला पळवून आणली, बंद केली, चहा प्यायला लागतो तेवढा वेळ थांबले आणि सेल्फ मारला. फटकन चालू! परत केलं, परत चालू.

पाटील सर, आमचे वर्क्स मॅनेजर, केबिनमधनं बाहेर आले. “कांबळे मॅडम, सुम्ने, उगाच कशाला वेळ घालवताय? नो फॉल्ट फाउंड लिहा आणि गाडी देऊन टाका.”

“फॉल्ट मला सापडला नाही, सर. नाही असं नाही.”

“बाई घाबरून अ‍ॅक्सिलरेटर मारत असेल. म्हातारं माणूस.”

“बघितलंय का तुम्ही?”

“बघायला कशाला पाहिजे?”

“मग मी बघते. गुरुवारी माझी सुट्टी आहे, आक्कांबरोबर जाते. काही नाही सापडलं तर तुमच्यासमोर बसून नो फॉल्ट लिहीन. तोवर सही करणार नाही.”

“सुट्टी तुमची,” सर म्हणाले.

“व्हय, माझीच,” म्हटलं.

माझी आई जन्मभर विड्या वळत आली. वीस विड्या नीट असल्या तरी एका विडीकडं बोट दाखवून अख्खी जुडी बाजूला फेकणारे लोक तिनं बघितलेत. ‘चूक हाताची’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय. ते पुराव्याशिवाय मी कुणाला बोलू देत नाही.

गुरुवारी आक्कांच्या शेजारी बसले. सांगते, बाई फस्क्लास चालवते. गिअर कधी बदलला कळत नाही. कर्नाटकाची हद्द ओलांडण्याआधीच्या शेवटच्या पंपावर त्यांनी गाडी घेतली. आपल्याकडं ही रीतच आहे. महाराष्ट्रात पेट्रोल महाग, म्हणून पलीकडं जाणारा प्रत्येक जण अलीकडं टाकी भरून जातो.

टाकी भरली, नोझल कट्‌ करून आपोआप थांबला. आक्का खाली उतरल्या, गाडीला कंबरेनं दोन हिसके दिले आणि पंपावरच्या माणसाला म्हणाल्या, “अजून बसतंय बघ रं. गळ्यापर्यंत घाल.”

मी दारातच थबकले. “आक्का, दर वेळी असं भरता?”

“मग? सगळीच भरत्यात की.”

“मला सांगितलं नाहीत!”

“त्यात काय सांगायचं?”

बरोबर होतं त्यांचं. मी गाडी हायवेला पळवली तेव्हा टाकी अर्धी होती. महेशच्या रविवारपर्यंतही ती बरीच खाली आलेली असायची. समोरच्या टपरीवर चहा प्यायलो. परत येऊन आक्कांनी सेल्फ मारला. घर्र घर्र घर्र. अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावलेला नव्हता, मी डोळ्यांनी बघितलं. बॉनेट उघडलं तर पेट्रोलचा वास नाकात घुसला.

टाकीतली वाफ हवेत जाऊ नये म्हणून गाडीत कोळशाचा एक डबा असतो, कॅनिस्टर. वाफ त्यात थांबते. इंजिन चालू असताना ती थोडी थोडी ओढून जाळली जाते. मधे एक झडप असते, पर्ज व्हॉल्व्ह. गाडी बंद असताना ती बंदच हवी. टाकी गळ्यापर्यंत भरली की वाफेऐवजी पेट्रोलच डब्यात शिरतं. डबा भिजलेला, इंजिन तापलेलं आणि झडप उघडी अडकलेली असेल तर इंजिनाच्या तोंडात आधीच बोकाणा भरलेला असतो.

“आक्का, आता अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा.” असं केलं की नवीन पेट्रोल येणं थांबतं आणि साठलेलं निघून जातं. इंजिन खोकत खोकत चालू झालं. ते बंद करून झडपेकडून येणारी नळी काढली, तिचं इंजिनाकडचं तोंड बोल्टनं बुजवलं आणि दुसरा चहा सांगितला.

“परत च्या?” आक्का म्हणाल्या. “बहीण वाट बघत असंल गं.”

“प्याच तुम्ही.”

चहा संपला. आक्कांनी किल्ली फिरवली. फटकन चालू! मी रस्त्यातच टाळी वाजवली. झडप काढून फुंकून बघितली तर हवा आरपार. तशीच बुजवलेली नळी घेऊन आम्ही कोल्हापूरला गेलो. उशीर झाला, पण वेणी घातली गेली.

रविवारी नवी झडप आणि नवा कॅनिस्टर बसवून गाडी तयार ठेवली. महेश आला. सगळं ऐकून हसला. “म्हणजे चूक हिचीच की! टाकी हिनंच तुडुंब भरली.”

“तुम्ही कशी भरता?” मी विचारलं.

त्यानं पाटील सरांकडं बघितलं, तर ते खिडकीबाहेर बघायला लागले. सगळेच हिसके देऊन भरतात. झडप एकाच गाडीची अडकली होती. मी तेच लिहिलं, पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलेला, आणि खाली सही केली.

महेशनं किल्लीसाठी हात पुढं केला.

“घे की,” आक्का म्हणाल्या. “गाडी पण विकून टाक. मग येत्या गुरुवारपासनं मावशीला न्हाऊ तू घालायचं.”

त्यानं हात मागं घेतला. मी किल्ली आक्कांच्या हातात दिली.

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला गाडी कधी बंद पडते ते विचारत नाही. त्याआधी काय काय केलं ते विचारते, आणि ‘सगळीच करत्यात’ असं उत्तर आलं की तिथनंच बघायला सुरुवात करते.