दुसऱ्याच्या झाडाचं केळं

नव्या पिकातलं देवाला वाहायच्या हंगामाच्या सणाला अर्धापूरकडची मंडळी आमच्या चर्चमध्ये केळीचे घड आणतात. यंदा वेदीपुढं ते मांडले, पिकल्या केळ्यांचा गोड, जड वास भरून राहिला आणि मला आबांची खोली आठवली.

आबा, माझे वडील, चर्चचे पाळक होते. तारण, म्हणजे पापातून सुटका, ख्रिस्ताच्या पुण्याईवरच्या विश्वासानं मिळतं, आपल्या कामांनी नाही, हे त्यांनी जन्मभर सांगितलं. सणाला मात्र देवासमोर रिकाम्या हातानं यायचं नाही, असं तेच दटावायचे. शेवटच्या आजारात कुणीतरी सणातला एक घड त्यांच्या उशाशी आणून ठेवला होता.

त्या दुपारी ते एकाएकी आईला म्हणाले, "लोहा गावच्या त्या म्हातारीला माती द्यायला कुणी येईना. मी तापात चालत गेलतो. देव ते धरंल का गं?"

"अहो, कामानं तारण न्हाई, हे तुम्हीच सांगत आलात की."

"सांगितलं. पण रिकाम्या हातानं कसं जाऊ?"

आईनं घडातलं एक केळं तोडून त्यांच्या हातात दिलं. "हे घेऊन जा."

"हे तर दुसऱ्याच्या झाडाचं हाय."

"मग? आम्हाला दुसरं काय शिकवलंत तुम्ही?"

आबांनी मूठ इतकी आवळली की साल फुटून गर बोटांतून बाहेर आला. त्यांना पटलं, असं मला तेव्हा वाटलं.

आता तो वास आला की मूठ नाही, डोळे आठवतात. ते दाराकडं लागले होते, मार बसणार हे ठाऊक असलेल्या पोरासारखे.

आणि सणाचा उपदेश आता आबांच्या जागी मला करायचा असतो.