वीतभराच्या आतलं

द्वारकावहिनींच्या हातात चिंधी आली की ती त्या आधी डाव्या हाताच्या वितीवर लावून बघत. वितीच्या आत राहिली तर टोपलीत जाई. बाहेर आली तर त्या ती मशीनवर बसलेल्या दिराच्या मांडीवर फेकत आणि म्हणत, "ही चिंधी नव्हं, हा तुकडा. ज्याचा त्याला दे." कर्जतच्या बाजारपेठेत रघू शिंप्याच्या दुकानात हे दिवसातून पाच-सहा वेळा घडे. समोर गिऱ्हाईक असलं तरी घडे, आणि गिऱ्हाईक असलं की वहिनींचा आवाज थोडा चढलेला असे.

पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. मी कर्जत स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून होतो आणि रघूच्या दुकानावरची खोली भाड्याने घेऊन राहत होतो. खोलीचा जिना दुकानातूनच वर जात असल्यामुळे जाता-येता दुकानातलं सगळं दिसे. दुकान मूळ रघूच्या थोरल्या भावाने, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याने मांडलेलं. तो इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेला. मूलबाळ नव्हतं. मशीन, घर आणि गिऱ्हाईक रघूकडे आलं. वहिनींच्या वाट्याला दोन वेळचं जेवण, दुकानाच्या ओट्यावरची एक जागा आणि कापून उरलेल्या चिंध्या आल्या.

त्या चिंध्यांच्या त्या पिशव्या शिवत. आत जुन्या धोतराचे तीन थर, वरून चिंध्या, आणि सगळ्यांतून आरपार धावदोरा. टाका तांदळाच्या कणीएवढा. अशी पिशवी गोधडीसारखी जाड होई आणि भाकरी, बियाणं, लोखंडाचे विळे, काहीही घातलं तरी फाटत नसे. डोंगरातल्या वाड्यांवरून मोळ्या घेऊन येणाऱ्या ठाकरणी त्या घेत, शेतकऱ्यांच्या बायका घेत. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला घाट चढण्यासाठी कर्जतला जादा इंजिन जोडत. तेवढ्या वेळात वहिनी स्टेशनच्या कुंपणाशी उभ्या राहून उतारूंनाही विकत.

"बाई, फाटणार नाही ना?" एका उतारूने खिडकीतून विचारलेलं मी ऐकलं आहे.

"तुमी आधी फाटाल," वहिनी म्हणाल्या. "घ्यायची तर घ्या, गाडी हालली."

त्याने घेतली.

त्यांचं खरं काम जोडणीत होतं. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कापडाच्या आलेल्या चिंध्या त्या दिवसचे दिवस समोर पसरून ठेवत. एका चिंधीवरची वेल दुसरीवरच्या वेलीत अशी नेऊन सोडत की जोड नखाने चाचपावा लागे. "फूल अर्धं ठिवलं का ते मेल्यावानी दिसतं," असं त्या म्हणत. अर्धं फूल असलेली पिशवी त्यांनी विकल्याचं मला आठवत नाही.

माणसांच्या बाबतीत मात्र त्यांनी एवढी काळजी कधी घेतली नाही. समोरच्या वाण्याची नवी सून एकदा शिवण शिकायला ओट्यावर येऊन बसली. वहिनींनी तिची शिवण सहा वेळा उसवली, सहाही वेळा रस्त्यावरच्या लोकांना दाखवून. "डोळे म्हायेरी ठिवून आलीस काय गं? का तिथंबी नव्हते?" सातव्या वेळी पोरीचा टाका सरळ आला. वहिनींनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "आता ये उद्या." ती पुन्हा आली नाही. मारुतीच्या पुजाऱ्याचं पोट, सोनाराची तोतरी जीभ, स्टेशनमास्तरांच्या बायकोचा रंग, या सगळ्यांवर वहिनींनी काही ना काही बोलून ठेवलेलं होतं, आणि ज्याचं त्याच्या लक्षात होतं.

लगीनसराईत एके दुपारी मी जेवायला खोलीवर चाललो होतो. जिन्याच्या चौथ्या-पाचव्या पायरीवर असताना खाली पाहिलं. गाडीची वेळ होती, वहिनी ओट्यावर नव्हत्या. रघूच्या हातात हिरव्या खणाचा एक तुकडा होता, त्यावर पिवळ्या कुयऱ्या. तुकडा चांगला दोन वितींचा होता. असले तुकडे रघू ठेवून घेई आणि लहान मुलांच्या टोपड्या शिवून विके, हे मला माहीत होतं. वहिनींच्या नजरेस पडले तरच ते परत जात. पण त्या दिवशी खणाची मालकीणच पेठेतून येताना दिसत होती. कळंबची तानूबाई, मुलीच्या लग्नाच्या चोळ्या न्यायला. रघूने तुकडा मधोमध कापला, पुन्हा आडवा कापला, आणि चारही कपटे वहिनींच्या टोपलीत तळाशी सारले. आता एकही वितीच्या बाहेर नव्हता.

तानूबाई ओट्यावर चढली तेव्हा तो मशीनवर बसलेला होता. "बाही जरा आखूड झालीय बरं का," तो म्हणाला. "कापडच कमी पडलं. काय करनार?"

मी वर गेलो आणि जेवलो.

आखूड बाहीचं पुढे काय झालं ते सगळ्या तालुक्याने ऐकलं. लग्नात सासरच्या बायकांनी नवरीचा दंड सगळ्यांना उचलून दाखवला आणि विचारलं, कळंबला कापड मिळत नाय का हातभर? पोरीला सासरी नाव पडलं, 'आखूडबाही'. महिन्याभराने ती माहेरपणाला आली तेव्हा तिने ती चोळी चुलीत घातली, असं म्हणतात.

त्या महिन्यातच वहिनींच्या ओट्यावर खिळ्याला एक नवी पिशवी टांगलेली दिसली. दर्शनी बाजूला मधोमध हिरवा खण, त्यावर पुऱ्या आठ कुयऱ्या. चार कपटे जोडले आहेत हे सांगूनही पटलं नसतं. त्यांनी केलेल्या पिशव्यांतली ती सर्वांत चांगली होती. दोन गिऱ्हाइकांनी मागितली. वहिनींनी दिली नाही. "ती ऱ्हाऊ दे," म्हणाल्या.

महिनाभराने एका बाजाराच्या दिवशी तानूबाई पेठेतून चालली होती. ती ओट्याशी थांबली, पिशवी खिळ्यावरून काढली आणि उन्हात धरली.

"हा खन कुटला, वैनी?"

"बघ की. तुला वळखता येत नाय?"

"माझ्या पोरीचा हाय ह्यो!" तानूबाईचा आवाज पेठेभर गेला. "रघू शिंप्या, भाईर ये! कापड कमी पडलं म्हनालास, आनी हे काय हाय रं?"

रघूने मशीनवरचा पाय थांबवला नाही. "पिशवी वैनीची, टोपली वैनीची," तो म्हणाला. "मी टोपलीत बघत नाय."

"मंग कुनी चोरला? मी?"

"मी कुनाचं नाव घेतलं का? कापड बेतताना वैनी बाजूलाच बसलेली असती, येवढं म्हनालो."

लोक जमले होते. वहिनी रघूकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "येक येक चिंधी माझ्या वितीच्या आतली हाय."

"वितीच्या आतली?" तानूबाईने पिशवीवरच्या खणावर आपली वीत टाकली, मग दुसरी टाकली. "ह्या दोन विती हायत, वैनी. आखी पेठ बघतीय."

कोणीतरी हसलं. सोनार म्हणाला, त-तुकडा, चिंधी नव्हं. मग सगळेच हसले.

संध्याकाळी मारुतीच्या देवळात पेठेतले चार पंच बसले. मला लिहिणं येतं म्हणून कागद माझ्याकडे दिला. पंचांनी रघूला विचारलं, त्याने दुकानात सांगितलं तेच सांगितलं. वहिनींना विचारलं, हे कपटे कुठून आले? त्या म्हणाल्या, टोपलीतून. टोपलीत कोणी टाकले? त्या गप्प राहिल्या. पंचांनी तिसऱ्यांदा विचारलं, तरी गप्प. एरवी त्यांची जीभ थांबलेली पेठेत कोणी पाहिली नव्हती, त्यामुळे सगळ्यांनी त्या गप्प बसण्याचा अर्थ एकच लावला. त्यांच्या बाजूने बोलायला देवळात कोणी उठलं नाही. वाण्याची सून दाराशी उभी होती, तीही नाही. मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. खोली रघूची होती, आणि स्टेशनजवळ दुसरी मिळत नव्हती. 'सदर बाईस तीन वेळा विचारले असता तिने काही सांगितले नाही,' असं मी लिहिलं. ते अक्षरशः खरं होतं.

पंचांनी ठरवलं की वहिनींनी पिशवी सर्वांसमोर आपल्या हाताने उसवावी, खण तानूबाईला परत करावा आणि यापुढे दुकानाच्या ओट्यावर बसू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या देवळाच्या पायरीवर पिशवी घेऊन बसल्या. बघायला पन्नासेक माणसं आली होती. पण कणीएवढे टाके सुईच्या टोकाने एकेक उचलायचे म्हणजे वेळ लागतो. तासाभरात निम्मी माणसं कंटाळून गेली. वहिनी मान वर न करता बोलत होत्या. "का रं, चालला? चोर बघायला आलावता ना? बस की. चोराचा टाका असा लौकर तुटत नाय." पुजारी म्हणाला, वहिनी, कात्रीनं कापा, लवकर होईल. "कापलं की तुकड्याचं परत कपटं व्हतील. तुमच्या पोटात काय जातंय? जागा तरी हाय का?" लोक हसले, आणि त्याही हसल्या.

दुपार टळल्यावर चार कपटे सुटे झाले. त्यांनी ते तळहाताने सपाट केले आणि तानूबाईपुढे धरले. सुईच्या भोकांनी कापडाची चाळण झाली होती.

"ह्याचं आता काय करू मी?" तानूबाई म्हणाली.

"पोरीची चोळी आन. बाही पुरी करून देते. जोड दिसनार नाय."

"चोळी जाळली तिनं."

वहिनींनी एका कपट्याची सुरकुती अंगठ्याने काढली. त्या म्हणाल्या, "कापडाला कशापायी जाळायचं?" तानूबाईने कपटे त्यांच्या पायांवर टाकले आणि ती निघून गेली.

त्याच आठवड्यात वहिनी खालापूरला एका लांबच्या चुलतबहिणीकडे गेल्या. निघताना त्यांनी टोपली उचलली तेव्हा रघूच्या बायकोने ती हातातून काढून घेतली. टोपली दुकानाची होती. वहिनींनी सुया पदराला टोचल्या आणि त्या गेल्या. रघूचं दुकान चांगलं चाललं. टोपड्या आता तो ओट्यावर उघड मांडून विकू लागला.

चार वर्षांनी मालाच्या एका तक्रारीची चौकशी करायला मी खालापूरला गेलो होतो. आठवड्याचा बाजार होता. वहिनी एका पोत्यावर बसल्या होत्या. पुढे दहा-बारा पिशव्या होत्या. एक डोळा पांढरा झाला होता. पिशव्यांचे टाके तसेच बारीक होते, पण फुलाशेजारी पट्टे, पट्ट्यांवर उलटी वेल, जिथे तिथे अर्धी फुलं. दोन चिंध्या कुठे जुळत नव्हत्या.

"नक्षी जुळवत नाही आता?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे चांगल्या डोळ्याने पाहिलं. "कारकून का? अजून वरच ऱ्हाता?"

"हो." मग मी म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी मी जिन्यात होतो. रघूने कापलं ते मी पाहिलं होतं."

"ठाऊक हाय. मी टेशनावरनं परत आलेले, समोरच्या वाण्याच्या दारात उभी. रघू कापत व्हता, तुमी त्याला बघत व्हता, आनी मी तुमा दोघांना बघत व्हते."

"मग पिशवी का शिवलीत?"

"ज्याचं त्याला जावं म्हनून. त्यानं चार केलं, मी परत येक केलं, आनी तानूबाईच्या वाटंवर टांगलं. महिनाभर वाट बघितली तिची." त्यांनी दोरा दाताने तोडला. "अवो, बाईनं दिराचं नाव घेतलं की ते भांडन व्हतं. परक्यानं घेतलं की साक्ष व्हती. मला वाटलं, पिशवी बघितली की कारकून बोलंल. शिकलेला हाय. देवळात तुमच्याकडंच बघत बसले. तुमी खाली मान घालून लिवत व्हता. वाटलं, तेच लिवत असंल."

मी एक पिशवी उचलली आणि किती द्यायचे विचारलं. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"तुमाला नाय. तुमाला कागद पुरतो."

पुढच्या वैशाखात त्या तापाने गेल्या. निरोप घेऊन आलेला माणूस रघूच्या ओट्यावर उभा राहून सांगत होता. रघूने ऐकून घेतलं. लगीनसराई होती, दुकानात गर्दी होती. सुतक धरणार का, असं निरोप्याने विचारलं. "नातं तिनंच तोडलं," रघू म्हणाला, "आमी कशाचं सुतक धरायचं?" निरोप्याला त्याने पाणी दिलं आणि वाटेला लावलं. मग तो माझ्याकडे वळला. मी नव्या कोटाचं माप द्यायला खाली आलो होतो. त्याने गळ्यातली फीत काढली आणि म्हणाला, हात वर करा. मी दोन्ही हात वर केले.