कॉम्प्युटरवरचा हार

पनवेलच्या बाजारात झेंडूचे ढीग लागले, की मला कळंबोलीतलं जुनं ऑफिस आठवतं. खंडेनवमीला शेजारच्या टेबलावरच्या काकांनी कॉम्प्युटरला हळदकुंकू लावून हार घातला, तेवढ्यात साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं. "उद्यापासून येऊ नका, काका. तुमच्या कामात खोट नाही, कंपनीला खर्च कमी करायचाय." "खोट नाय, तर मीच कशाला, सायेब?" साहेबांनी उत्तर म्हणून पेढ्यांचा बॉक्स पुढे केला! पेढा न घेताच काका गेले. दसऱ्याची सुट्टी संपवून आम्ही आलो, तर रिकाम्या खुर्चीसमोर हार घातलेला तो काळा स्क्रीन, मेलेल्या माणसाच्या फोटोसारखा. आज मी कपातीविरुद्ध पत्रकं लिहितो, गेटवर वाटतो. पण खंडेनवमीला आई म्हणते, "अरे, लॅपटॉपला हार घाल की!" आणि माझा हात धजत नाही.