धवल्यांची फाइल

बाजारात न आलेली ऑपरेटिंग सिस्टीम आपल्या घरी रोज चालते, याची नव्वदच्या दशकात मला भारी मिजास होती. चाचणीसाठीची सीडी कंपनीने ऑफिसातल्या एका जादा मशीनवर टाकायला दिली होती. मी ती नेरुळच्या घरातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर टाकली. दिवसातून दोन-तीनदा ती गोठायची. स्क्रीनवरचा बाण थिजला की बटण दाबून सगळं बंद करायचं आणि पुन्हा चालू करायचं. कधीकधी फाइल उघडायची, पण आत ठणठणपाळ. म्हणून मी माझं काम दर तासाला फ्लॉपीवर उतरवून ठेवायचो. लोकांना मात्र सांगायचो, "एकदम मक्खन चालते."

समोरच्या फ्लॅटमधल्या बाई शाळेत शिकवायच्या. त्यांचं माहेर जवळच्याच सारसोळे गावातलं. त्यांची आत्या तिथली धवलारीण, म्हणजे लग्नातल्या विधींची गाणी, धवले, म्हणणारी. तिचे सगळे धवले तिच्याखेरीज कुणाला येत नव्हते आणि तिचा दम आता पुरत नव्हता. बाईंनी मराठी टायपिंगची परीक्षा दिलेली, वहीपेक्षा टायपिंगचाच वेग जास्त. मीच म्हटलं, आत्याला घेऊन या आमच्याकडे, कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.

अडचण वेगळीच निघाली. लग्नाशिवाय धवले म्हणायला आत्या तयार नव्हती. शेवटी बाईंनी कॉम्प्युटरच्या टेबलावर तांदूळ, नारळ, हळद असं सगळं मांडलं. आत्याने मॉनिटरला हळदीचं बोट लावलं आणि बजावलं, "एकदाच हां. परत नाय."

दुपारभर ती म्हणत होती, बाई टाइप करत होत्या. प्रत्येक धवल्यानंतर त्या सेव्ह करत होत्या, अगदी मी शिकवलं तसं. मी मागे उभा राहून बघत होतो. फ्लॉपी कपाटात होती. पण ती काढली असती तर बाईंनी "कशाला?" विचारलं असतं आणि माझी मक्खनची बढाई उघडी पडली असती. शेवटच्या धवल्याला बाण थिजला. मशीन पुन्हा चालू केलं, तर फाइल नावाला होती, आत एक अक्षर नव्हतं.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "भाऊ, माझ्याकडून काही भलतंच दाबलं गेलं का हो?"

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, हे मला चांगलं माहीत होतं.

"असेल," मी म्हणालो. "नव्या माणसाचं होतं असं."

बाईंनी रडत रडत आत्याला सांगितलं, "आत्ये, माज्याकडून पुसलं गं." एकदा म्हणजे एकदाच, हे बाईंनाही ठाऊक होतं, त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पुढच्या वर्षी आत्या गेली आणि धवले तिच्याबरोबर गेले. ते पाप माझंच आहे. पण मला त्याहून जास्त डाचतं ते त्याच दुपारचं.

बाई तोंड धुवायला आत गेल्या होत्या. आत्या माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "दादा, तिला वरडू नको. शिकलेली हाय, पन मशिनीतला तिला काय कलतं? तुजी मशीन बिगारली नाय ना?"

"नाही आत्या," मी म्हणालो. "नाही रागावणार."

तिने समाधानाने माझ्या पाठीवरून हात फिरवला.