ओटीपी दिराच्या फोनवर

माझ्या फोनचा खालचा अर्धा पडदा बोटाला दाद देईना झाला आणि घरात सगळ्यांना अचानक माझी काळजी वाटू लागली. एरवी नवा मिक्सर घेते म्हटलं तर "जुना चालतोय की" म्हणणारी माणसं. लेक म्हणाली, "आई, ह्या वेळी आयफोनच घे. अँड्रॉइड पुरे झाला." आमच्या ह्यांनी तर पेपरातून डोकं वर काढून "घे, घे" म्हटलं. हे कशालाही दोनदा घे म्हणाले की मी सावध होते.

"आयफोनच का?"

"सेफ असतो गं. तुझं कुणी काही बघू शकत नाही."

"म्हणजे आत्ता कोण बघतंय?"

"तसं नाही गं, आई."

तसं नाही म्हटलं की बहुतेक तसंच असतं. शिवणाच्या धंद्यात मी एवढं नक्की शिकले आहे की फुकट शिवून देतो म्हणणारा कापडात मारतो.

दहिसरच्या चाळीत एका मशीनवर मी ब्लाउज शिवायला लागले. आज मरोळच्या औद्योगिक वसाहतीत माझा गाळा आहे. वॉचमन, कँटीनची पोरं, हॉस्पिटलातल्या आया, सगळ्यांचे युनिफॉर्म तिथे शिवले जातात. कुणी हात धरून वर आणलं नाही. कोटेशन मी अजून हातानेच लिहिते, फोनवर त्याचा फोटो काढते आणि कागद गिऱ्हाइकाला देते. म्हणजे माझा सगळा धंदा त्या फोनमध्ये.

नंबरसुद्धा मी नुसत्या नावाने ठेवत नाही. 'मरोळ कँटीन, पहिला आकडा कधीच मानत नाही.' 'पार्ले हॉस्पिटल, बायकोला विचारून सांगतो.' 'घाटकोपर सिक्युरिटी, रडेल, ऐकू नको.' फोन वाजला की उचलायच्या आत मला कळतं कोणता आकडा तोंडातून काढायचा. लेक ह्याला हसते. तिला महिन्याला पगार येतो, तिने हसावं.

आता माझं जुनं दुखणं सांगते. माझा धाकटा दीर पूर्वी माझी बिलं बघायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत होता, माझ्याच हातचे डबे खाऊन मोठा झाला. पुढे त्याने दहिसरला स्वतःची मशीनं टाकली, आणि वर्षभरात माझी जुनी गिऱ्हाइकं एकेक करून त्याच्याकडे गेली. प्रत्येकाला त्याने दिलेला भाव माझ्या भावाच्या नेमका बोटभर खाली. एकदा झालं तर अंदाज म्हणेन. दर वेळी बोटभर खाली कसा येतो? माझा रेट फुटला कुठून, हे मी गाळ्यात विचारलं, घरात विचारलं, हे तर उठून गॅलरीत गेले. भाऊ आणि बायको यांच्यामध्ये ह्यांची गॅलरी आहे. त्यानंतर मी दिराशी बोलले नाही. सासू गेली तेव्हासुद्धा आम्ही दोन टोकांना बसलो होतो.

तर शनिवारी दुपारी मी आणि लेक बोरिवलीच्या एका मोबाइलच्या दुकानात गेलो. दुकानदार फार गोड. बसायच्या आत लिंबू सरबत समोर. मी हात लावला नाही. ते सरबत शेवटी फोनच्या किमतीतूनच निघतं.

"मॅडम, एक बार आयफोन हाथ में आया ना, फिर वापस कोई नहीं जाता."

"वापस कोई नहीं जाता, की जाने नहीं देते?"

तो हसला. मी हसले नाही.

"चार्जर?"

"वो अलग से, मॅडम."

"आणि अँड्रॉइडला?"

"इस मॉडेल में उसका भी अलग से."

"म्हणजे भांडता दुनियेसमोर आणि आतून एकच."

लेकीने माझ्या दंडाला चिमटा काढला. मी तिला खरा प्रश्न विचारला. "माझे नंबर आणि फोटो ह्यातून त्यात येतील का? पडदा तर मेलाय."

"पडद्याचा काय संबंध? सगळं तुझ्या अकाउंटवर वर साठलेलं आहे. कुठल्याही फोनवर ईमेल आणि पासवर्ड टाक, खाली उतरेल. पासवर्ड काय आहे?"

"मला काय माहीत."

तिने स्वतःच्या फोनवर माझा ईमेल टाकला आणि पासवर्ड विसरलो म्हणून दाबलं. पडद्यावर आलं की अमुक नंबरवर कोड पाठवतो. अख्खा नंबर दाखवत नाहीत, शेवटचे दोन आकडे दाखवतात.

"आई, हा तुझा नंबर नाही. कुणाचा आहे?"

मी ते दोन आकडे ओळखले. 

माझा पहिला स्मार्टफोन आला तेव्हा खातं दिरानेच उघडून दिलं होतं. आमच्याकडे ही पद्धतच. घरात एक जण हुशार निघतो आणि सासूपासून मोलकरणीपर्यंत सगळ्यांची खाती तोच उघडतो. पासवर्ड त्याच्या मनातला, नंबर त्याचा. आपण फक्त फोटो काढायचे. पुढे नवा फोन आला तेव्हाही त्यानेच सगळं लावून दिलं. म्हणजे माझ्या कोटेशनचा एकेक फोटो इतकी वर्षं ज्या कपाटात जाऊन पडत होता, त्याची किल्ली त्याच्या खिशात होती.

"सापडला!" मी दुकानातच ओरडले. "रेट इथून फुटला!"

दुकानदाराने सरबताचा ग्लास हळूच काचेपासून लांब केला.

लेक शांतपणे म्हणाली, "आई, मग सोड ना ते खातं. आयफोन घेऊ. नवं खातं, नवा पासवर्ड, काकाला विचारायलाच नको."

"बेस्ट रहेगा, मॅडम," दुकानदार लगेच.

तेव्हा मला कळलं की मी फोन निवडायला बसलेच नव्हते. नव्या फोनवर सगळं नव्याने सुरू केलं तर दिराचं तोंड बघावं लागणार नव्हतं, पण इतक्या वर्षांची माझी माणसं आणि त्यांच्या नावापुढच्या माझ्या खुणा मागे राहिल्या असत्या. सोमवारी फोन वाजला असता आणि मी विचारलं असतं, "कोण बोलतंय?" भाव करणाऱ्याने हे विचारलं की तिथेच तो अर्धा हरला. आणि खातं परत हवं असेल तर एकच माणूस ते देऊ शकत होता.

"लाव त्याला फोन," मी लेकीला म्हटलं. "तुझ्या नंबरवरून."

आम्ही दुकानाच्या पायरीवर आलो.

"बोल गं बाय," पलीकडून आवाज आला.

"बाय नाही. वहिनी बोलतेय."

मागे मशीनं चालू होती, ती थांबली.

"बोल, वहिनी."

"तुझ्या फोनवर एक ओटीपी येईल. तो मला सांग."

तो हसला. "ओटीपी कुणाला सांगू नये म्हणून बँकवाले रोज मेसेज करतात, आणि तू..."

"तो माझा आहे."

"माझ्या फोनवर येणार तर तुझा कसा?"

"हेच मला विचारायचंय. माझ्या खात्याला तुझा नंबर कसा?"

"तूच म्हणाली होतीस, मला ते ईमेल-बीमेल कळत नाही, तुझंच काय ते घाल."

"घाल म्हणाले होते. आत शिरून रेट बघ, असं नव्हते म्हणाले."

"काय बघ?"

"माझी कोटेशनं! सगळ्यांचे फोटो तिथेच पडलेत. म्हणून तू दर वेळी बोटभर खाली."

"वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का? तुझा कँटीनवाला स्वतः माझ्याकडे आला. तुझ्याच अक्षरातला कागद टेबलावर टाकला आणि म्हणाला, ह्याच्या खाली ये. बाकीच्यांनी पण तेच केलं."

"साक्षीला कोण?"

"माझी बायको होती तिथे."

"वा! मांजर साक्षीला, दूध प्यायलं कुणी!"

त्याने साक्षीचा विषयच सोडला. मग म्हणाला, "ओटीपी देतो. पण एक अट आहे."

मला जरा बरं वाटलं. अट घालणारा माणूस मला कळतो. भीती वाटते ती फुकट देणाऱ्याची.

"बोल."

"आईचा तो कुर्ल्यांचा व्हिडिओ पाठव."

माझ्या गाळ्याची पूजा झाली, त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही सगळे दिराकडे जेवायला होतो. सासू ओट्यापाशी खेकड्यांच्या नांग्या, तिच्या भाषेत कुर्ल्यांचे डेंगे, मोडत बसली होती आणि मी फोन धरून उभी. ती माझ्यावर खेकसली, "माझा थोबाड काय काढतंस गो, कुर्ल्येचे डेंगे काढ!" आणि स्वतःच हसायला लागली. दीर मागे दारात उभा होता. पुढे तिचं आजारपण आलं, आणि इतकी हसलेली ती पुन्हा कुणी बघितली नाही.

"मागितला का नाहीस इतकी वर्षं?"

"कुणाकडे मागणार होतो? तू बोलत होतीस का?"

"आधी ओटीपी दे."

"आधी व्हिडिओ."

"अरे, व्हिडिओ त्याच खात्यात आहे. उघडल्याशिवाय पाठवू कशी?"

पलीकडे लांब श्वास ऐकू आला. "म्हणजे तुझ्या शब्दावर द्यायचा?"

"माझ्या शब्दावर."

त्याने आकडे सांगितले. लेकीने टाकले, आणि खातं उघडलं.

फोन ठेवल्यावर मी त्या पायरीवरच बसले, कारण मधेच मला एक हिशेब सुचला होता. तो व्हिडिओ त्याच ढिगात पडला होता, कोटेशनांच्या फोटोंना खेटून. आणि तो पहिला रेट फुटायच्या आधीचा. कोटेशनं चोरायला शिरलेल्या माणसाला आई दिसलीच असती. दिसली असती तर त्याने तेव्हाच उचलून घेतली असती. आज माझ्याकडे मागायची गरज काय?

की मुद्दाम मागितला? मी असा हिशेब करणार हे त्याला ठाऊक आहे. तेवढा हुशार तो आहे. भाव करायला मीच त्याला शिकवलं.

"ह्यात कळतं का, कुणी आत येऊन गेलं होतं का ते?" मी लेकीला विचारलं.

तिने बघितलं. "सध्या ह्या माझ्या फोनशिवाय फक्त तुझाच दिसतोय. इतक्या वर्षांपूर्वीचं नाही गं कळणार."

म्हणजे फोननेही साक्ष दिली नाही.

आत गेल्यावर दुकानदार पुन्हा सुरू झाला. आता आयफोनमध्येही माझं सगळं उतरलं असतं, त्यामुळे माझ्या दृष्टीने दोन्ही सारखेच. मी एवढंच बघितलं की तो कोणत्या फोनबद्दल कमी बोलतोय. तो घेतला. अँड्रॉइड निघाला. कव्हर आणि काच फुकटात घेतली, चार्जरवर त्याला घाम फोडला, आणि उठायच्या आधी सरबतही प्यायले.

नंबर एकेक करून उतरू लागले. पार्ले हॉस्पिटल आलं, घाटकोपरचा रडका आला.

"काकाचा नंबर काढून टाकू खात्यावरून?" लेकीने विचारलं.

"थांब. आधी व्हिडिओ पाठव. किंमत चुकती केल्याशिवाय कुलूप बदलायचं नाही."

व्हिडिओ गेला. तो फोन हातात धरूनच बसला असणार, निळ्या खुणा लगेच उमटल्या.  मग एक ओळ आली. 'आवाज विसरत चाललो होतो.'

मी ती ओळ दोनदा वाचली. असं खोटं लिहिता येतं का, ते बघत होते. येतं. लोक काय वाटेल ते लिहितात. तरी मी 'बरं' असं उत्तर टाकलं. इतक्या वर्षांत माझ्याकडून त्याला लिहून गेलेला तो पहिला शब्द.

"काढू आता?"

"काढ."

नंबर निघाला. फोन दुसरा नंबर मागायला लागला, ज्याच्यावर माझा विश्वास आहे अशा माणसाचा.

"माझा घालू?" लेक म्हणाली.

"घाल. पासवर्ड मात्र मी टाकणार. तू तिकडे बघ."

ती हसत पाठमोरी झाली. दुकानदारही झाला. त्याला मी काही म्हटलंही नव्हतं.