साडेसात फुटी टेबल

सरकारी खात्याला जनतेच्या प्रेमाचा उमाळा आला की त्याचा मांडव आमच्या शाळेच्या मैदानावर पडतो. मी नळदुर्गजवळच्या एका गावात चित्रकला शिकवतो. मास्तर म्हणजे कुठल्याही सरकारी टेबलाला जोडता येणारा माणूस. मी मतदार मोजलेत, शेळ्याही मोजल्यात. त्या वर्षी हुकूम आला, प्रशासनाची संवेदनशीलता दाखवणारं एखादं मांडणशिल्प उभारा.

उभारलं. साडेसात फूट उंच टेबल, त्यावर खुर्ची, खुर्चीच्या पाठीला पांढरा टॉवेल. टेबलाच्या पुढच्या फळीला फट ठेवली. तिच्यात अर्ज टाकला की तो आतल्या पाइपातून घसरून टाकणाऱ्याच्याच पायाशी पडायचा. इतकं उघड टोचल्यावर तरी कळेल, असं मला वाटलं होतं. उद्घाटनाला आलेल्या खात्याच्या साहेबांनी नारळ फोडला, शिडी मागवली, वर बसून फोटो काढून घेतला आणि भाषणात सांगितलं की हे उंच टेबल म्हणजे जनतेविषयी आमच्या मनात असलेला उंच आदर. मला शाल मिळाली. ती मी घेतली, हेही सांगून टाकतो.

साहेबांची गाडी गेल्यावर शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी आल्या. त्यांच्या घराच्या बुटक्या पत्र्यावर विजेची तार हात वर केला तर लागेल इतकी खाली लोंबत होती, आणि नात तिथंच खेळायची. तार वर ओढून द्या, म्हणून त्या कधीच्या अर्ज करत होत्या. मला टेबलाशी उभा पाहून त्यांना वाटलं, सरांची इथं ड्युटी लागलीय. त्यांनी अर्ज फटीत टाकला, तो पायाशी आला, लोक फिदीफिदी हसले. मावशींनी कागद उचलला, धूळ झटकली आणि पोच मागितली.

टेबलाला सुतळीनं एक शिक्का बांधला होता. जुन्या स्लीपरच्या तळातून मीच कोरलेला, गोल, मधोमध 'विचाराधीन'. लोक अजून हसत होते आणि माझी अक्कल शेण खायला गेली होती. मी शिक्का हाणला. मावशीही हसतायत असं मला वाटलं. त्या खूश झाल्या होत्या.

आठवड्यानं तो कागद घेऊन त्या वीजवाल्यांकडं गेल्या. तिथल्या कारकुनानं शिक्का बघितला आणि हे प्रकरण वर विचाराधीन आहे, तिकडून निकाल आल्याशिवाय आम्हाला तारेला हात लावता येणार नाही, असं सांगून कागद परत दिला. इतकी वर्षं तो बिचारा नवनवी सबब शोधत होता. या खेपेला मी ती त्याला घरपोच दिली होती. मला स्वतःची किळस आली.

मधल्या सुट्टीत मावशी वर्गाच्या दाराशी आल्या. मी सगळं खरं सांगितलं. शिक्का चपलेचा आहे, ते टेबल नुसती गंमत होती, त्यामागं कुठलंच ऑफिस नाही.

"गंमत असती तर सायबानं नारळ कशाला फोडला असता?" त्या म्हणाल्या. "रागवू नका सर, पर तुमच्याकडं अजून किती दिस लागत्यात तेवढं सांगा. वारं सुटलं की तार पत्र्याला टेकायला येतीया."

"बघतो," मी म्हणालो.