जुन्या चिठ्ठीखाली

बाईंसमोर विशेषण वापरायची सोय नव्हती. ‘उंच’ म्हटलं की ‘किती?’, ‘लवकर’ म्हटलं की ‘कधीपेक्षा?’ एकदा कोलकात्याच्या बेहाला भागातल्या त्यांच्या घरी मी चहा फार छान झाल्याचं सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, ‘कशापेक्षा?’ पर्समध्ये स्टीलची एक फुटी पट्टी कायम असे. वनस्पतींच्या ज्या सरकारी संग्रहालयात त्या काम करत, तिथली माणसं त्यांना पट्टीदी म्हणत. बाईंना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

बाई कोलकात्यातच जन्मलेल्या. नागपूर सोडलं ते आजोबांनी. तरीही घरात पानं नागपूरच्या रिवाजाने साडेअकराला वाढली जात. शेजारची बंगाली मंडळी दोन वाजता जेवायची आणि विचारायची, ‘दीदी, तुमच्याकडे रोज कुणाला गाडी पकडायची असते?’

त्यांचा विषय रानभांग. हे झाड कोलकात्याच्या पडीक जागेत, रुळांच्या कडेला माणसाच्या डोक्यावर जातं. हिमालयातल्या उंच दऱ्यांत तेच गुडघ्याशी थांबतं. बाईंचं मत ठाम होतं, छापूनही आलं होतं: थंडी आणि वारा त्याला खुजं ठेवतात, बाकी काही नाही. ‘इथली माती आणि इथली हवा द्या, इथल्याएवढं होईल. झाडाला मूळ गाव आठवत नसतं.’ संग्रहालयात डोंगरातल्या भांगेचे वाळवून कागदावर चिकटवलेले नमुने होते. त्यातल्या प्रत्येकावर बाईंच्या अक्षरात हेच मत लिहिलेली चिठ्ठी होती. तीस वर्षांचं काम त्या चिठ्ठ्यांत होतं.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी ते पडताळून पाहायची परवानगी मिळाली. संग्रहालयामागे जाळीचा पिंजरा, त्याला कुलूप, कुलपाशेजारी सरकारी पत्र. आत दोन ओळी. एकीत डोंगरातलं बी, दुसरीत इथलं. माती एक, पाणी एक, पेरणीचा दिवस एक. मी तेव्हा एका मराठी वर्तमानपत्राचा कोलकात्यातला बातमीदार होतो. कार्यालयाला ‘सरकारी कुंपणात भांग’ अशी गमतीची बातमी हवी होती. ‘गंमत किती ओळींची?’ बाईंनी विचारलं. आठ, म्हटलं. ‘मग निकाल लागल्यावर या. आठ ओळींत मावेल.’

बोलावणं जूनमध्ये आलं. इथली रोपं माझ्या खांद्याला लागली होती आणि त्यांना फुलाचा पत्ता नव्हता. डोंगरातली गुडघ्यापर्यंत येऊन थांबली होती आणि शेंड्यापर्यंत फुलली होती. माळी बिमलदा बंगालीत म्हणाला, ‘दीदी, ही तर लहानपणीच म्हातारी झाली!’

बाई ओल्या मातीत गुडघे टेकून बसल्या होत्या. पट्टी हातात होती, पण मोजत नव्हत्या.

‘पानं मोठी झाली,’ त्या म्हणाल्या. ‘डोंगरात असतात त्याच्या दीडपट. ते इथल्या हवेचं. तेवढं माझं बरोबर होतं.’

‘आणि उंची?’

‘त्या डोंगरात उन्हाळ्याचा दिवस इथल्याहून लांब असतो. इथला सगळ्यात मोठा दिवससुद्धा याला आखूड वाटला. म्हणजे हिवाळा आला, बर्फाआधी बी धरायला हवं. म्हणून वाढायचं सोडून याने फुलायला घेतलं.’ त्यांनी फुललेल्या शेंड्याला बोट लावलं. ‘अहो, बर्फ पाहिलेलं नाही याने. उगवलंय या पिंजऱ्यात. ही घाई बियातून आली. धण्याएवढं बी, आणि त्यात अख्ख्या डोंगराचं पंचांग!’

मी विचारलं, ‘म्हणजे तुमचं मत...’

‘चुकलं.’ मग त्या हसल्या. ‘माझ्याच घरी साडेअकराला पानं वाढतात. पुरावा तीन पिढ्या ताटात होता, आणि मी डोंगरात शोधत होते.’

माझी बातमी आठ ओळींची झाली. त्यात बाईंची चूक आली नव्हती. ती मी सभ्यपणे गाळली होती. दुसऱ्या दिवशी फोन आला. ‘मुख्य गोष्ट कुठे गेली?’ मी कारण सांगितलं. बाई म्हणाल्या, ‘माझी लाज तुम्ही का राखावी?’

संग्रहालयात एक रीत आहे. नमुन्यावरची जुनी चिठ्ठी कितीही चुकीची असली तरी काढत नाहीत, खोडत नाहीत. नवं मत नव्या चिठ्ठीवर लिहून तिच्याखाली चिकटवतात, नाव आणि तारखेसह. नोकरीचे उरलेले महिने बाईंनी त्यात घालवले. डोंगरातला प्रत्येक नमुना कपाटातून काढून, स्वतःच्या चिठ्ठीखाली स्वतःच्या विरुद्ध चिठ्ठी. सहकारी म्हणाले, एक टिपण लिहा, पुरे. बाईंचं उत्तर, ‘चूक मी एकेका कागदावर केली आहे.’

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी पट्टी मला दिली. ‘लिहिताना जवळ ठेवा.’ ती टेबलावर असते. ‘प्रचंड’ लिहिताना हात अजून थांबतो.

बाई मागच्या हिवाळ्यात गेल्या. त्यानंतर एकदा मी संग्रहालयात जाऊन त्यांचा एक नमुना पाहायला मागितला. वाळलेलं रोप, वर जुनी चिठ्ठी, तिच्याखाली नवी. दोन्ही एकाच अक्षरातल्या. नव्या चिठ्ठीची शेवटची ओळ अशी होती: ‘हेही चूक ठरल्यास खाली जागा सोडली आहे.’

मी सोबत आणलेली पट्टी काढून ती जागा मोजली. साडेसहा सेंटीमीटर.